सायंकाळचे सत्र आणि फोडणीचा वास

विषय : बांधकाम मजुरांच्या वस्तीवर सायंकाळी गोवर लसीकरण सत्र घेण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) दवाखान्यातील सिस्टर यांचा अर्ज. २) सदर अर्जाची स्मरणपत्रे, एकूण चार. ३) निम्नस्वाक्षरीकाराची स्मरणशक्ती.

उपरोक्त विषयान्वये आपणांस सविनय कळविण्यात येते की...

इथे हात थांबला. निवृत्त होऊनही कोरा कागद पुढे आला की हात आधी विषय आणि संदर्भ लिहून मोकळा होतो. परवा किराण्याच्या यादीलाही विषय टाकला होता. बायकोने खाली शेरा मारला, "मंजूर, मात्र फरसाण वगळून."

दवाखान्यात किस्से कसे साठत जातात, याचं मला कायम नवल वाटत आलंय. औषधं संपतात, स्टँड मोडतात, डॉक्टर बदलून जातात. किस्से मात्र कपाटावरच्या जुन्या रजिस्टरांसारखे असतात. कोणी मागत नाही, कोणी टाकूनही देत नाही, आणि एक ओढायला जावं तर चार अंगावर पडतात. आमचा दवाखाना हडपसरच्या बाजूला. सरकारी. माणसं चार : डॉक्टर बाई, सिस्टर जगताप, शिपाई नामदेव आणि लिपिक म्हणून मी. मला सगळे भाऊसाहेब म्हणत. सिस्टर कमी बोलायच्या, आणि बोलल्या की समोरच्याला पुढचं वाक्य सुचत नसे.

गोवराची साथ आली तेव्हा माझ्या निवृत्तीला चार-पाच महिने उरले होते. त्या चार-पाच महिन्यांचं हे रजिस्टर.

*

साथ आली म्हटल्यावर मुख्य कार्यालयातून निरोप आला. जनतेसाठी सोप्या भाषेत मार्गदर्शक पत्रक हवं, मसुदा उद्या पाठवा.

डॉक्टर बाईंनी सांगितलं, मी लिहिलं. "नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला गोवराची लस द्या. आधीचे डोस झाले असतील तरी साथीत एक जादा डोस घ्या. ताप आणि अंगावर पुरळ दिसलं तर मुलाला पाळणाघरात पाठवू नका, दवाखान्यात आणा."

तीन वाक्यं. डॉक्टर बाई म्हणाल्या, "छान. माझ्या कामवालीलासुद्धा कळेल." तिथेच मला शंका आली. सगळ्यांना कळेल असा कागद मी एकोणतीस वर्षांत वरून मंजूर होऊन आलेला पाहिला नव्हता.

मसुदा पाच टेबलं फिरून आला. प्रत्येक टेबलाने आपापली भर घातली होती. छापून आलेलं वाक्य असं : "गोवर या विषाणूजन्य आजाराच्या अनुषंगाने विहित वयोगटातील पात्र लाभार्थ्यांना, पूर्वीच्या मात्रांची बाब विचारात न घेता, अतिरिक्त मात्रेचा लाभ मिळवून देणेबाबत पालकांनी आवश्यक ती कार्यवाही करणे अभिप्रेत राहील."

सिस्टरांनी ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं.

"भाऊसाहेब, गोवर यावा असं म्हणतायत का येऊ नये असं?"

"ते स्पष्ट नाही," मी म्हणालो. "पण जे काही आहे ते अभिप्रेत आहे."

त्यांनी नामदेवला दारातला जुना फळा धुवायला लावला. त्यावर खडूने माझी मूळची तीन वाक्यं लिहिली आणि खाली चौथं स्वतःचं : "वाचून झालं असेल तर आत या. बाहेर उभं राहून लस लागत नाही."

दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. पंधरा दिवसांनी तपासणीला आलेले साहेब फळ्यासमोर थबकले. टॅबलेट छातीशी धरून फिरणारे, तरुण, चेहऱ्याने सज्जन. हे साहेब पुढे पुन्हा येणार आहेत.

"या मजकुराला मंजुरी आहे का?"

"नाही साहेब," सिस्टर म्हणाल्या. "मंजुरीची पत्रकं आत आहेत. बाळांच्या वजनकाट्याचं टेबल डुगडुगत होतं, एका पायाखाली गठ्ठा घातलाय. आता वजनं अगदी अचूक येतात."

*

फळा वाचून आलेल्यांतच रेखा होती.

रेखा यवतमाळकडची. नवरा-बायको दोघं एका मोठ्या इमारतीच्या कामावर होते, आणि त्याच कामाच्या मागे पत्र्याच्या खोल्यांत राहायचे. कडेवर दहा महिन्यांची परी. संध्याकाळी सव्वापाचला ती दारात उभी राहिली, केसांवर सिमेंट तसंच.

"बाई, ते गोवराचं टोचून द्या न इले."

त्या दिवशी डॉक्टर बाई मीटिंगला गेल्या होत्या. डॉक्टर इमारतीत नसताना सुई टोचायची नाही, असा नियम आहे. आमच्याकडच्या थोड्या बरोबर नियमांपैकी तो एक. शिवाय पाचला लशीचा डबा फ्रिजमध्ये गेलेला असायचा आणि फ्रिजची किल्ली माझ्या खणात.

"उद्या सकाळी या," सिस्टर म्हणाल्या.

"सकाळी कशी येऊ? ठेकेदार खाडा मांडते. दोन खाडे झाले का दुसरी बाई लावते."

"मग उद्या याच वेळी या. मी डॉक्टर बाईंना थांबवून ठेवते."

"मी येतो. पन वस्तीवर बावीस लेकरं आहेत बाई. सगळ्यायच्या माया कामावर. त्यायचं काय?"

दुसऱ्या दिवशी सिस्टर, डॉक्टर बाई आणि मी साडेसहापर्यंत थांबलो. रेखा आली नाही. नंतर कळलं की त्या दिवशी स्लॅब होता. स्लॅब सुरू झाला की तो पुरा होईपर्यंत कोणी जागचं हलत नाही.

सिस्टर तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाशी आल्या. "भाऊसाहेब, त्या येऊ शकत नाहीत. आपण जाऊ शकतो. संध्याकाळी सहा ते आठ, डॉक्टर बाई, मी, डबा. अर्ज लिहा."

मी अर्ज लिहिला. एक पान. इतका साधा अर्ज की मला वाटलं, चार दिवसांत होईल.

एकोणतीस वर्षं नोकरी करूनही मला असं वाटलं, याची नोंद घ्यावी.

*

मी राहतो नारायण पेठेत. आमच्या शेजारचे एक निवृत्त मास्तर तेव्हा हडपसरला मुलाकडे राहायला गेले होते. सून ऑफिसला गेली की नातू त्यांच्या ताब्यात. सुनेने बजावलं म्हणून ते नातवाला घेऊन दवाखान्यात आले, पण लस न देता परत न्यायचं असं ठरवूनच. मला पाहून त्यांना आनंद झाला. आता वाद घालायला ओळखीचा श्रोता मिळाला होता.

"अहो, आमच्या लहानपणी आळीतल्या झाडून सगळ्या पोरांना गोवर आला," ते रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "कसली लस आणि कसलं काय. आम्ही मेलो का?"

रांगेतल्या दोघी-तिघी आया चुळबुळल्या. एकीने पिशवी उचलली.

सिस्टर सुई भरता भरता म्हणाल्या, "नाही मेलात, आजोबा. आणि जे मेले, ते इथे सांगायला येत नाहीत."

मास्तरांनी नातवाला जवळ ओढलं. मग कोणाकडेही न बघता म्हणाले, "माझी धाकटी बहीण होती."

सिस्टरांनी नातवाची बाही वर केली. पिशवी उचललेल्या बाईने पिशवी खाली ठेवली.

*

तोवर अर्ज मुख्य कार्यालयात पोचला होता. तिथून पहिलं उत्तर आलं : लस पाच वाजेपर्यंत फ्रिजमध्ये जमा करणे बंधनकारक असल्याने सायंकाळी सत्र घेता येणार नाही.

आम्ही कळवलं की फ्रिज आमच्याच दवाखान्यात आहे, किल्ली आमच्याच लिपिकाकडे आहे, आणि तो लिपिक थांबायला तयार आहे.

उत्तर आलं : लिपिकाने कार्यालयीन वेळेनंतर थांबण्यास सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक आहे. त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा.

म्हणजे एका अर्जाला पिल्लू झालं. पिल्लाला लस लागत नाही, ते आपोआप वाढतं.

पुढे वाहन विभागाने विचारलं की गाडी लागणार का. आम्ही कळवलं, नाही, वस्ती चालत वीस मिनिटांवर आहे. त्यांनी लिहिलं, गाडी लागत नसल्यास प्रकरण या विभागाकडे का पाठवले याचा खुलासा करावा. खुलासा आम्ही कुठून करणार? प्रकरण आम्ही पाठवलंच नव्हतं. मग वस्तीचा पत्ता मागितला. ती इमारत अजून पुरी झालेली नव्हती, त्यामुळे तिला नंबर नव्हता. मी लिहिलं, "अमुक रस्त्यावरील बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या मागे." शेरा आला, "पत्ता अपूर्ण."

"भाऊसाहेब," सिस्टर म्हणाल्या, "त्यांना कळवा की इमारतही अपूर्ण आहे. पुरी झाली की पत्ता येईल, आणि त्या दिवशी ही माणसं तिथून जातील."

मी ते तसंच कळवलं, फक्त शेवटी "माहितीस्तव सविनय सादर" जोडलं. आपल्याकडे सविनय म्हटलं की काहीही खपतं.

*

त्याच रस्त्याला पुढे पुऱ्या झालेल्या इमारती आहेत. तिथलं एक आयटीतलं जोडपं आलं. बाळ दीड वर्षाचं, गुटगुटीत. बाळाच्या आईने आत येतानाच सांगितलं, "ॲक्च्युअली आमचं सगळं प्रायव्हेटला झालंय. फक्त हा एक्स्ट्रा डोस इथे घ्यायला सांगितलाय सोसायटीच्या ग्रुपवर."

"आधीच्या डोसचं कार्ड?"

"कार्ड नाही, ॲप आहे." नवऱ्याने मोबाइल पुढे केला. जन्मापासूनच्या सगळ्या लशी एकाखाली एक, आणि प्रत्येकीपुढे हिरवी खूण. मी माझ्या नोकरीत इतकी नीटनेटकी नोंद पाहिली नव्हती.

सिस्टरांनी मात्र तारखा बघितल्या. "हा नऊ महिन्यांचा डोस रविवारी दिला?"

"असेल."

"रात्री पावणेबाराला?"

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने मोबाइलकडे बघितलं.

"ते... रिमाइंडर यायचं," तो म्हणाला. "सारखं वाजायचं. मला वाटलं तू नेलं असशील. मी डन दाबायचो."

"आणि मला वाटायचं," बायको शांतपणे म्हणाली, "की ॲपमध्ये डन आहे म्हणजे तू नेलंस."

"म्हणजे आजवर लस मोबाइललाच लागलीय," सिस्टर म्हणाल्या. "त्याला काही गोवर होणार नाही. आता बाळाला द्या इकडे."

जाताना नवऱ्याने मला हळूच विचारलं, "काका, तुमच्याकडे रिमाइंडरला काय वापरता?"

मी सिस्टरांकडे बोट दाखवलं.

*

आता फोडणीचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आपल्याकडे घरात मुलाला गोवर-कांजिण्या आल्या की पाळणूक असते. कडुनिंबाचा पाला ठेवायचा, बाहेरच्याला आत घ्यायचं नाही की काही सांगायचं नाही, आणि घरात फोडणी घालायची नाही. तेल तापवायचं नाही, मोहरी तडतडू द्यायची नाही. अळणी वरण, उकडलेलं अन्न. त्यामुळे घरोघरी जाऊन "तुमच्याकडे गोवर आहे का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. सर्वेक्षणाच्या कागदांवर "नाही", "नाही", "नाही" असा रकाना वरपासून खालपर्यंत भरून यायचा आणि वर बसलेल्यांना वाटायचं, साथ ओसरली.

सिस्टरांची तऱ्हा वेगळी. त्या साडेअकराच्या सुमाराला गावठाणात शिरायच्या आणि विचारायच्याच नाहीत. नुसत्या गल्लीतून चालत जायच्या.

एका मोठ्या घरापुढे त्या थांबल्या. मी यादी घेऊन मागे होतो. जुने जमीनवाले लोक, दारात दोन मोटारी. म्हातारी उंबऱ्यात बसलेली.

"आमच्यात न्हाय कुणाला काय," म्हातारीने आधीच सांगून टाकलं.

"बरं," सिस्टर म्हणाल्या. "मावशी, शेजारी लसणाची फोडणी पडलीय, समोर मिरच्या तळतायत. तुमच्याकडे इतकी माणसं, आणि चुलीवर नुसती डाळ शिजतेय होय?"

आतून सून आली आणि सासूकडे न बघता म्हणाली, "मधल्या खोलीत हाय. कालपासनं अंग भरलंय."

मला वाटलं, आता भांडण होणार. सिस्टरांनी चप्पल बाहेर काढली, मास्क लावला, आत जाऊन मुलाला बघितलं आणि म्हातारीला म्हणाल्या, "पाला राहू द्या मावशी, त्याने काही बिघडत नाही. तुमचं सगळं पाळा. त्यात माझं एक पाळा. याला आज दवाखान्यात दाखवायचं, हे जीवनसत्त्वाचं औषध आज आणि उद्या चमचाभर द्यायचं, आणि बाकीच्या दोघा पोरांना आत्ता माझ्याबरोबर पाठवायचं."

म्हातारीने विचार केला. "सुई टोचली तर पाळणूक मोडंल का?"

"टोचायची त्या दोघांना. पाळणूक या एकाची आहे."

म्हातारीला ते कायदेशीर वाटलं असावं. तिने दोघांना पाठवलं.

कार्यालयात आल्यावर मी फॉर्म भरायला घेतला. "रुग्ण कसा आढळून आला" या रकान्यात तीन पर्याय होते : सर्वेक्षणात, स्वतःहून, इतर. मी "इतर" वर खूण केली आणि पुढे खरं ते लिहिलं : घरात फोडणी नव्हती.

आठ दिवसांनी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. "फोडणी व गोवर यांचा परस्परसंबंध शास्त्रीय पुराव्यासह सादर करावा."

*

अर्जाचं पुढे काय झालं ते ऐका. मुख्य कार्यालयाने ठरवलं की संध्याकाळच्या सत्राची गरज आहे का, याची प्रत्यक्ष जागेवर पाहणी व्हावी. टॅबलेटवाले साहेब पाहणीला गेले. सकाळी अकराला.

खोल्यांना कुलपं. माणसं सगळी कामावर. साहेबांनी कर्तव्य म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा अकराला पाहणी केली. पुन्हा कुलपं.

अहवाल आला : "दोन वेळा भेट दिली असता वस्तीवर एकही लाभार्थी उपस्थित आढळला नाही. सबब सायंकाळच्या सत्राची आवश्यकता दिसून येत नाही."

डॉक्टर बाईंनी अहवाल वाचून आमच्या अर्जाची प्रत मागवली. मग म्हणाल्या, "भाऊसाहेब, दिवसा ती माणसं नसतात, हेच तर आपण अर्जात लिहिलं होतं ना?"

"पहिल्याच परिच्छेदात," मी म्हणालो.

"मग त्यांनी ते सिद्ध करून दिलंय."

"हो. पण आपल्या विरोधात."

तिसरं स्मरणपत्र गेलं. रेखा मध्ये एकदा दिसली, रस्त्याच्या पलीकडे, डोक्यावर पाटी. तिने लांबूनच हाताने विचारलं, काय झालं? सिस्टरांनी हातानेच सांगितलं, थांब. मला त्या दोघींच्या मध्ये उभं राहायला लाज वाटली.

*

अर्जाला लाभार्थ्यांची यादी जोडावी, असा शेरा आला म्हणून सिस्टर एका संध्याकाळी नावं लिहून घ्यायला वस्तीवर गेल्या. सोबत मी. दिवेलागणीची वेळ. पंधरा खोल्या एका रांगेत, प्रत्येकीपुढे चूल पेटलेली. कुठे मोहरी, कुठे लसूण, कुठे लाल तिखटाचा ठसका. मला खोकला आला.

सातव्या खोलीपुढे सिस्टर थांबल्या. चुलीवर भात शिजत होता. नुसता भात.

रेखा मागून आली. सिस्टरांनी तिच्याकडे बघितलं. रेखाने मान खाली घातली.

"शेजारनीच्या पोराले परवापासून ताप होता. आज अंगावर आलं," ती म्हणाली. "त्याची माय म्हने, कोनाले सांगू नको. साईटवरून काढून टाकतीन."

आत तीन वर्षांचा मुलगा होता, गुड्डू. श्वास भरभर चालला होता. त्याला त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात हलवलं; यादी तशीच राहिली. न्युमोनिया निघाला. बरेच दिवस काढून परत आला. त्याला एका कानाने कमी ऐकू येतं. आमच्या नोंदीत त्याच्यापुढे "बरा" असं लिहिलंय. त्या रकान्यात दोनच पर्याय होते, आणि दुसरा याहून वाईट होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर माझ्या टेबलापाशी आल्या.

"तीन दिवस, भाऊसाहेब. पुरळ आलेल्या मुलाच्या सहवासातल्या पोरांना तीन दिवसांत लस मिळाली तर उपयोग. त्यातले दोन गेले असं धरा. परी आठव्या खोलीत राहते."

"अर्ज कुठवर आलाय?" मी सवयीने विचारलं.

"तुम्हीच सांगा."

अर्ज वाहन विभागाकडे परत गेला होता.

त्या दिवशी चारच्या सुमाराला डॉक्टर बाई म्हणाल्या, त्यांना आज त्या बाजूला भाजी घ्यायची आहे. नामदेव म्हणाला, त्याला त्याच बाजूला मेहुण्याकडे जायचंय आणि हातात काही ओझं असलं तरी चालेल. मी म्हणालो, मला जुनी रजिस्टरं लावायची आहेत, साडेआठपर्यंत बसेन, किल्ली खणात आहे. सिस्टरांनी डब्यात बर्फाच्या कुप्या रचल्या.

लसीकरणाच्या रजिस्टरला बाळाचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, मोबाइल, पत्ता, लशीचा बॅच क्रमांक, सही आणि अंगठा, इतके रकाने आहेत. सत्राचं ठिकाण वर छापलेलंच असतं. वेळेचा रकाना नाही. एकोणतीस वर्षांत त्या रजिस्टरवर मी पुष्कळ टीका केली. ती मी इथे मागे घेतो.

*

चौथ्या स्मरणपत्राला मी जुना अहवाल जोडला आणि त्यातल्या भेटीच्या वेळेभोवती, सकाळच्या अकराभोवती, तांबड्या शाईने गोल केला. त्याचा परिणाम होऊन साहेब तिसऱ्या पाहणीला निघाले. या वेळी संध्याकाळी साडेसहाला. माझ्या निवृत्तीला चार दिवस होते. सिस्टर आणि मी सोबत.

वस्तीवर सगळे घरी होते. चुली पेटल्या होत्या, पोरं वाळूच्या ढिगावर खेळत होती. साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी टॅबलेट उघडला.

"चला, लसीपासून वंचित लाभार्थ्यांची यादी करू. ही मुलगी?"

रेखाने परीला पुढे केलं. साहेबांनी परीचा हात धरला आणि थांबले. डाव्या अंगठ्याच्या नखावर काळी शाई. त्यांनी दुसऱ्या मुलाचा हात बघितला. तिथेही शाई. तिसऱ्याचा, चौथ्याचा. मग पोरांना गंमत वाटून सगळ्यांनीच आपापले अंगठे साहेबांसमोर धरले.

लस दिलेल्या मुलाच्या नखावर आम्ही अशीच खूण करतो, हे साहेबांना माहीत होतं. त्याचं परिपत्रक त्यांच्याच सहीने आलं होतं.

"इथे सत्र झालंय?"

"नाही जी," रेखा म्हणाली. "परवानगी कोठी आली अजून?"

"मग ही शाई?"

"लागली असन."

"कोणी लावली?"

रेखाने सिस्टरांकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. "आमी दिवसभर कामावर असतो जी. आमाले काय ठाऊक?"

साहेब सिस्टरांकडे वळले. सिस्टर चुलींच्या रांगेकडे बघत होत्या. ते माझ्याकडे वळले. मी यादीच्या कोऱ्या कागदावर अनुक्रमांक टाकत होतो. तेवढं काम मला चार दिवस पुरलं असतं.

साहेबांनी टॅबलेटवर काहीतरी लिहिलं, तो बंद केला आणि खोल श्वास घेतला.

"काय वास सुटलाय हो," ते म्हणाले. "फोडण्यांचा."

"हो साहेब," सिस्टर म्हणाल्या. "सगळ्या खोल्यांतून."

*

गेल्या आठवड्यात हयातीचा दाखला द्यायला मुख्य कार्यालयाकडे गेलो होतो. जाता जाता चौकशी केली. ती इमारत आता पुरी झाली आहे, तिला नंबर मिळाला आहे, आणि रेखा वगैरे मंडळी कुठल्या दुसऱ्या कामावर गेली ते कोणाला माहीत नाही.

सायंकाळच्या सत्राचा अर्ज त्या कार्यालयात आहे. वंचित लाभार्थ्यांची यादी अप्राप्त असल्याने त्यावरील निर्णय प्रलंबित आहे.